वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया: देशोदेशीचे आकडे आणि ठाण्यातला एक नाकारलेला क्लेम

खोपटकर (धागाकर्ता)

नमस्कार. माझी थोरली बहीण ऐरोलीला राहते. तिचे वय ५२, उंची १५४ सेंटिमीटर आणि वजन ८० किलो आहे. मधुमेहाला नऊ वर्षे झाली असून गेली दोन वर्षे गोळ्या आणि रात्रीचे इन्सुलिन घेऊनही तिचे एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ९ च्या खाली उतरलेले नाही. यंदा तिच्या मधुमेहतज्ज्ञांनीच बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याच्या, शस्त्रक्रियेचा विषय काढला. ठाण्यातल्या एका खासगी रुग्णालयाने ४ लाख २५ हजारांचा अंदाज दिला, कॅशलेससाठी कागद पाठवले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विमा कंपनीचा नकार आला. कारण एका ओळीचे होते: बीएमआय ३५ पेक्षा कमी. तिचा बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, ३३.७ भरतो. ३५ होण्यासाठी ८३ किलो वजन हवे, म्हणजे वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचे पैसे मिळावेत म्हणून तिने आधी तीन किलो वाढवायला हवे होते.

हे गणित रुग्णालयातल्या लोकांना तोंडपाठ असावे. दुसऱ्यांदा वजन करायला गेलो तेव्हा ताई सवयीप्रमाणे चपला काढू लागली, तर काट्याजवळची सिस्टर हलक्या आवाजात म्हणाली, "असू द्या ताई, चपला राहू द्या. पर्सही हातात असली तरी चालेल." ताईने चपला काढल्या, पर्स माझ्याकडे दिली आणि मगच ती काट्यावर उभी राहिली. ८०.२ किलो. सिस्टरने तेवढेच लिहिले आणि माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच काही चूक केली.

त्या रात्री मी आकडे शोधत बसलो, कारण ही शस्त्रक्रिया प्रत्यक्षात किती लोक करून घेतात आणि ते कोण असतात, हे मला समजून घ्यायचे होते. अमेरिकेचे चित्र स्पष्ट आहे. तिथे १९९८ मध्ये या शस्त्रक्रिया वर्षाला १३ हजारांच्या आसपास होत असत; दुर्बिणीने शस्त्रक्रिया करण्याचे तंत्र रुळल्यावर २००२ पर्यंत त्या ७२ हजारांवर गेल्या, २०११ मध्ये १ लाख ५८ हजार आणि २०१९ मध्ये २ लाख ५६ हजार झाल्या. करोनाच्या वर्षात आकडा २ लाखांच्या खाली घसरला, आणि २०२२ मध्ये पुन्हा २ लाख ८० हजारांच्या घरात पोहोचला. एवढे होऊनही तिथे पात्र असलेल्या माणसांपैकी वर्षाला साधारण शंभरात एकच ही शस्त्रक्रिया करून घेतो.

आपल्याकडे या सर्जनांची संघटना, ओएसएसआय, २००२ मध्ये स्थापन झाली. तेव्हा देशभरात वर्षाकाठी काही शेच शस्त्रक्रिया होत होत्या. २०१९ च्या सुमारास त्या २० हजारांवर गेल्या. वाढ डोळ्यांत भरण्यासारखी आहे, पण लोकसंख्येच्या हिशेबाने पाहिले तर अमेरिकेतले प्रमाण आपल्या सुमारे पन्नासपट निघते. दुसरीकडे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीदरम्यान जादा वजनाच्या स्त्रियांचे प्रमाण २०.६ वरून २४ टक्क्यांवर आणि पुरुषांचे १८.९ वरून २२.९ टक्क्यांवर गेले. त्यात जादा वजनाची रेषा बीएमआय २५ वर धरली आहे. आपल्या डॉक्टरांप्रमाणे २३ वर धरली असती तर आकडे आणखी फुगले असते.

माझा प्रश्न असा आहे. ही ३५ ची रेषा कोणी आखली, आणि ती आपल्या माणसांना लागू पडते का? जाणकारांनी कृपया लिहावे.

माजी_टीपीए (कोपरखैरणे)

खोपटकर, मी टीपीएत, म्हणजे विमा कंपन्यांच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेत, बावीस वर्षे आरोग्य विम्याचे क्लेम तपासले आणि असे नकार स्वतःच्या हाताने लिहिलेले आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, सप्टेंबर २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी वगळलेल्या गोष्टींची एकसारखी भाषा ठरवून दिली. त्यात कोड ०६ लठ्ठपणाचा आहे. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हावी, रुग्ण किमान १८ वर्षांचा असावा, बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असावा. किंवा ३५ आणि त्यासोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह यांपैकी काही असावे आणि वजन उतरवण्याचे साधे उपाय आधी फसलेले असावेत, अशा त्या अटी आहेत. ताईंचा मधुमेह त्या यादीत चपखल बसतो. त्या अडकल्या त्या फक्त १.३ अंकांनी.

कंपनीवर राग काढण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०१९ पूर्वी बहुतेक पॉलिसींमध्ये 'लठ्ठपणावरील उपचार वगळून' असे तीन शब्द असत आणि तिथेच विषय संपत असे. आमच्या टेबलावर असा कागद आला की तो दोन मिनिटांत परत जाई. कोड ०६ ने दार किलकिले तरी केले.

मात्र ४० आणि ३५ हे आकडे आपले नाहीत. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये तज्ज्ञांची एक बैठक घेतली होती, तिथले ते आहेत. त्या काळी या शस्त्रक्रिया पोट उघडून, मोठा छेद घेऊन होत, धोका बराच जास्त होता आणि ज्यांच्या अभ्यासांवरून मर्यादा ठरली ते बहुतेक गोरे लोक होते. पुढे २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३, २७.५, ३२.५ आणि ३७.५ असे टप्पे सुचवले. त्याच धर्तीवर २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी एकमताने शस्त्रक्रियेची मर्यादा सांगितली: सोबत आजार असल्यास ३२.५, नसल्यास ३७.५. म्हणजे देशातल्या डॉक्टरांनी ३२.५ म्हटल्यानंतर दहा वर्षांनी आपल्याच नियामकाने १९९१ चे ३५ उचलले. त्या वेळच्या बैठकांत काय झाले मला ठाऊक नाही, पण आमच्या व्यवसायाचा स्वभाव सांगतो: जो आकडा बाहेरच्या देशात टिकलेला असतो, तो वापरला की कोणाला जाब द्यावा लागत नाही.

कोड ०६ ही वगळण्याची भाषा आहे. त्याहून उदार व्हायला कंपनीला मनाई नाही. तेव्हा आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.

आणि एक सांगा, पॉलिसी घेतानाच्या प्रस्ताव अर्जावर ताईंची उंची काय लिहिली होती?

येऊरच्या_वाटेवर

एवढ्या आकड्यांची खरोखर गरज आहे का, असा प्रश्न मला पडतो. पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये 'मन की बात'मध्ये तेल दहा टक्के कमी करण्याचे आवाहन केले, तेवढे घराघरांत झाले तरी निम्मे काम होईल. मी ६१ वर्षांचा आहे, रोज पहाटे येऊरच्या चढावर जातो आणि परतताना उपवन तलावाला दोन फेऱ्या मारतो. चांगले जठर कापून टाकणे मला निसर्गाविरुद्ध वाटते, आणि ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी काढलेली ही पळवाट आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

सीवूड्सची_एक (सीवूड्स, नवी मुंबई)

येऊरकाका, तुमच्या चालण्याबद्दल आदर आहे. मीही पाम बीच रोडच्या पदपथावर दीड वर्ष चालले. ११८ किलोची होते. गुडघे इतके सुजले की नंतर जिन्यावरून उलटे, पाठमोरे उतरावे लागे. त्या दीड वर्षात सात किलो उतरले आणि पुढच्या आठ महिन्यांत नऊ चढले. जानेवारी २०१७ मध्ये माझी स्लीव्ह, म्हणजे जठर कापून अरुंद करण्याची शस्त्रक्रिया, झाली. त्याच वर्षी इजिप्तहून एका अतिस्थूल महिलेला विमानाने मुंबईत आणल्याच्या बातम्यांनी वर्तमानपत्रे भरली होती, आणि सोसायटीत जो तो मला तिच्याबद्दल विचारत असे.

पळवाटेविषयी सांगते. आधीचे दोन आठवडे यकृत आकसावे म्हणून नुसते द्रव पदार्थ घ्यायचे असतात. मी ताक आणि प्रोटीन पावडरवर होते, आणि तेव्हाच घरात भाच्याचे केळवण होते. शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग, किंबहुना त्याहून थोडा जास्तच, कापून काढतात आणि केळ्याएवढी नळी ठेवतात. भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या वरच्या भागात तयार होते, म्हणून सुरुवातीला भूकच लागत नाही. खोकल्याच्या औषधाच्या झाकणाएवढ्या मापाने पाणी प्यायचे, तेही घोट घोट. तहान लागली म्हणून गटकन प्यायले की छातीत दगड अडकल्यासारखे होई. आधी गाळलेले पाणी, मग मिक्सरमधून काढलेला वरणभात, मग मऊ खिचडी, असे करत दीड-दोन महिन्यांनी पहिली पोळी खाल्ली. अर्धी. चौथ्या महिन्यात केस इतके गळले की न्हाणीघराची जाळी रोज साफ करावी लागे. ते परत येतात, पण तेव्हा कोणी सांगून पटत नाही. बी१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आता जन्मभरासाठी आहे. आम्ही शाकाहारी, त्यामुळे बी१२ मध्ये हयगय चालत नाही.

सर्वांत कमी म्हणजे ७४ किलो झाले. आज ८३ आहे. मधुमेहाच्या उंबऱ्यावरून परत आले, गुडघे वाचले. छातीत जळजळ मात्र कायमची मागे लागली, आणि ही स्लीव्हची ठाऊक असलेली खोट आहे. सर्जनांनी ती आधी सांगितली होती. मी ऐकली नव्हती.

खोपटकर यांनी एकूण आकडे दिले, पण त्या आकड्यांच्या पोटात काय बदलले तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत २०११ मध्ये दर शंभरांत ३५ शस्त्रक्रिया जठराभोवती पट्टा बसवण्याच्या होत्या. २०१८ मध्ये जेमतेम एक उरली. पट्टा सरकत असे, रुतत असे, आणि वजन परत येई, म्हणून पुष्कळांचे पट्टे काढावे लागले. बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडणे) ३७ वरून १७ वर आला आणि स्लीव्ह १८ वरून ६१ वर गेली. आतड्यांची जोडणी बदलावी लागत नाही, वेळ कमी लागतो, सर्जनला शिकायला सोपी पडते, ही त्यामागची कारणे. आपल्याकडेही स्लीव्हच पुढे आहे, मात्र मिनी बायपास, ज्यात एकच जोड असतो, तो भारतात जितका होतो तितका अमेरिकेत होत नाही.

मला खटकते ते वेगळेच. आपल्या देशाचा आकडा सर्जनांनी आपापल्या संघटनेला कळवलेल्या संख्येवरून बनतो. शस्त्रक्रिया झाली की मी त्यात मोजली गेले असेन. पण तीन वर्षांनी माझे सर्जन दुसऱ्या शहरात गेले, रुग्णालयाने फोन करणे थांबवले, आणि वजन नऊ किलो परत आल्याची किंवा रोज रात्री उशाला दोन उशा लागतात याची नोंद कुठेच नाही. स्वीडनने २००७ पासून अशा रुग्णांची देशव्यापी नोंदवही ठेवली आहे. त्याच देशात १९८७ मध्ये सुरू झालेल्या चार हजारांवर लोकांच्या अभ्यासाने शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी राहिल्याचे दाखवले, आणि ते दाखवता आले कारण त्यांनी माणसे वर्षानुवर्षे सोडली नाहीत.

येऊरच्या_वाटेवर

ताई, पाठमोरे जिना उतरण्याचे वाचून वाईट वाटले. 'पळवाट' हा शब्द मागे घेतो. तेलाविषयीचे मत कायम आहे.

घंटाळीचे_डॉक्टर

मी साधा जनरल प्रॅक्टिशनर आहे, सर्जन नाही, तेव्हा मोजकेच लिहितो. ताईंच्या बाबतीत बीएमआयपेक्षा मधुमेहाचे वय आणि इन्सुलिन या गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. मधुमेह जितका जुना आणि स्वादुपिंड जितके थकलेले, तितकी शस्त्रक्रियेनंतर औषधे पूर्ण सुटण्याची शक्यता कमी असते. शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते हे दाखवणारी सी-पेप्टाइडची तपासणी करून घेतली आहे का? नसल्यास घ्यावी. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये १५० मधुमेहींवर झालेल्या अभ्यासाचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले: एचबीएवनसी ६ किंवा त्याखाली राहिलेले लोक नुसत्या औषधांच्या गटात ५ टक्के, बायपासच्या गटात २९ टक्के आणि स्लीव्हच्या गटात २३ टक्के होते. त्या अभ्यासात बीएमआय २७ पासूनचे लोक घेतले होते, हे अर्जात अवश्य लिहा. पण याचा दुसरा अर्थही ताईंना सांगा: बायपास करूनही दहांतले सात त्या रेषेपर्यंत पोहोचले नाहीत. साखर सुधारली, औषधे घटली, एवढे बहुतेकांना मिळाले.

२०२२ मध्ये सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी जुनी मर्यादा मोडीत काढून ३५ ला आजाराशिवायही आणि ३० ला मधुमेहासोबत शस्त्रक्रिया सुचवली आहे, आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच तिचा विचार करावा असे म्हटले आहे.

नौपाड्याचा_केमिस्ट

धाग्यात अजून कोणी वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचे नाव काढलेले नाही, याचे आश्चर्य वाटते, कारण माझ्या दुकानात दिवसातून चार माणसे तेवढ्यासाठी येतात. मौंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आले, वेगोव्ही (म्हणजे सेमाग्लुटाइड हे औषध) त्याच वर्षी जूनमध्ये. मौंजारो आले तेव्हा अडीच मिलिग्रॅमच्या कुपीची किंमत ३,५०० रुपये आणि पाच मिलिग्रॅमची ४,३७५ रुपये होती. आठवड्याला एक लागते. म्हणजे त्या भावाने पाचच्या मात्रेवर महिन्याला साडेसतरा हजार. दोन वर्षांचे ४ लाख २० हजार होतात, जवळजवळ खोपटकरांना मिळालेल्या शस्त्रक्रियेच्या अंदाजाइतके, आणि दोन वर्षांनी थांबता येईलच असे नाही. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आल्याचे त्याच औषधाच्या चाचणीतील लोकांवरून दिसले आहे.

तरीही लोक इकडेच वळणार. अमेरिकेत खासगी विमा असलेल्यांच्या पाहणीत २०२२ आणि २०२३ यांच्या शेवटच्या सहामाहींची तुलना केली, तेव्हा या औषधांचा वापर दुपटीहून अधिक झाला होता आणि शस्त्रक्रिया २५.६ टक्क्यांनी घटल्या होत्या. वीस वर्षे वर जाणारी रेषा अशी वाकली. आपल्याकडे सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची, आणि आपल्या कंपन्यांनी त्याची तयारी आधीपासून केली होती. भाव उतरले की आपली २० हजारांची रेषा वाढण्याआधीच वाकते की काय, अशी मला शंका आहे. धंद्याच्या दृष्टीने मला आनंदच व्हायला हवा. पण परवा एक गृहस्थ बर्फाची पिशवी घेऊन आले आणि 'अर्धी मात्रा घेऊन कुपी दोन आठवडे पुरवता येईल का' असे विचारू लागले, तेव्हा मी त्यांना परत डॉक्टरांकडे पाठवले.

खोपटकर

सर्वांचे मनापासून आभार. सी-पेप्टाइडची तपासणी केली. आकडा अगदीच वाईट नाही, असे मधुमेहतज्ज्ञ म्हणाले. इंजेक्शनाचा विचार ताईने स्वतःच बाजूला ठेवला आहे. तिचे म्हणणे असे की पेन्शन नसलेल्या बाईने महिन्याचा नवा हप्ता लावून घेऊ नये. सीवूड्सच्या ताईंचा प्रतिसाद मी तिला मोठ्याने वाचून दाखवला. केस गळण्यापाशी तिने थांबवले आणि तेवढा भाग पुन्हा वाचायला लावला.

अर्ज लिहिताना मला सर्वांत उपयोगी पडले ते आपल्या पुण्याचे काम. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचेच छायाचित्र छापले होते. दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. एवढा एक दाखला दिला की 'भारतीयांचे मोजमाप वेगळे का' हे क्लेम विभागातल्या माणसालाही कळावे. दुसरा दाखला ब्रिटनचा घेतला. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी उपचारांचे निकष ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०१४ पासून म्हटले आहे की मधुमेह नुकताच जडलेल्या आशियाई वंशाच्या रुग्णांचा शस्त्रक्रियेसाठी विचार इतरांपेक्षा कमी बीएमआयला करावा. आमचा मामेभाऊ लंडनजवळ हॅरोला असतो. त्याचे रक्त आशियाई आहे हे तिथल्या सरकारी यंत्रणेला मान्य आहे. ऐरोलीत राहणाऱ्या त्याच्या आतेबहिणीला मात्र आपलीच विमा कंपनी अमेरिकी मापाने मोजते. हे वाक्य मी अर्जात जसेच्या तसे लिहिले होते, ताईने ते खोडायला लावले.

माजी टीपीए, तुमचा प्रश्न रोखठोक होता. प्रस्ताव अर्जावर एजंटने पाच फूट दोन इंच लिहिले आहे, म्हणजे सुमारे १५७.५ सेंटिमीटर. त्या उंचीने तिचा बीएमआय ३२.३ होतो.

माजी_टीपीए (कोपरखैरणे)

अंदाज होताच. एजंट बहुतेक बायकांना पाच-दोन लिहितात. आताच अर्जासोबत डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचे उंचीचे प्रमाणपत्र जोडा, नाहीतर लोकपालांपुढे हाच मुद्दा काढतील आणि ३२.५ च्याही खाली नेऊन ठेवतील.

खोपटकर

जोडले. अर्ज गेल्या १९ तारखेला दिला, पोच आली आहे, उत्तर नाही. ३० दिवस भरले की लोकपालांचा अर्ज तयार ठेवला आहे. उंची या वेळी दोनदा मोजून घेतली. भिंतीला टाचा टेकवून, अनवाणी. १५४ च आहे.